ताट पूर्ववत होते तेव्हा

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची तयारी करणारा माणूस शल्यविशारदासमोर बसतो, तेव्हा भूल, टाके, रजा, खर्च हे सारे विचारून झाल्यावर बहुधा शेवटी, थोडे संकोचून, एक प्रश्न येतो : नंतर मला आवडीचे पदार्थ पुन्हा खाता येतील ना? 'येतील, पण थोडे थोडे आणि हळूहळू' हे त्याचे ठरलेले उत्तर आहे, आणि ते खरे आहे. आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचे अशा टप्प्यांनी साधारण वर्षभरात बहुतेकांच्या ताटात बहुतेक पदार्थ परत येतात. माझा आक्षेप उत्तराच्या खरेपणाला नसून त्याच्या अपुरेपणाला आहे. आवडीचा घास विनासायास उतरू लागला की रुग्ण आणि त्याचे घर ते बरे झाल्याचे लक्षण मानतात. शरीराच्या बाजूने पाहिले तर त्याचा आणखी एक अर्थ असतो : शस्त्रक्रियेने घातलेला अटकाव सैल होऊ लागलेला असतो. आणि नेमक्या याच सुमारास तपासण्या लांबतात, गोळ्या मागे पडतात, आहारतज्ज्ञाकडची फेरी 'आता काय गरज' म्हणून टळते. सावधगिरी संपण्याची वेळ आणि तिची गरज वाढण्याची वेळ एकच असावी, ही या उपचारातील सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत एका तरुण कन्नड दूरचित्रवाणी अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. अशा बातम्या वाचून दोन अगदी वेगळे उपचार लोकांच्या मनात एक होतात. त्वचेखालची चरबी काढून घेणे ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे आणि तिचा पचनसंस्थेशी संबंध नाही. इथे चर्चा आहे ती बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेची. ती चरबीला हात लावत नाही, पचनमार्गाची रचना बदलते. सप्टेंबर २०११ मध्ये भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अनेक मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा पोचला. तिचे दोन प्रकार प्रामुख्याने केले जातात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी अरुंद नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्हींमध्ये पोटाचे आकारमान घटते; त्याखेरीज भूक चेतवणाऱ्या घ्रेलिनसारख्या आणि तृप्ती कळवणाऱ्या जीएलपी-१ सारख्या संप्रेरकांचे गणितही बदलते. म्हणून पहिल्या वर्षात भूक खरोखरच कमी असते, आणि गोडाची ओढही अनेकांच्या बाबतीत ओसरते. या काळात रुग्णाला वाटते की आपली सवय बदलली. वस्तुतः बदललेली असते ती सवयीखालची रसायने, आणि ती कायम तशीच राहतील याची हमी नसते.

दीर्घकालीन निरीक्षणातून हे दिसते. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या हजारो रुग्णांचा पाठपुरावा झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या ३२ टक्क्यांनी घटले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली; जठराला पट्टा बांधण्याच्या त्या काळच्या पद्धतीत हेच आकडे २० आणि १४ होते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदर न झालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळला, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे, कारण हा लेख शस्त्रक्रियेविरुद्ध नाही. योग्य रुग्णासाठी आज उपलब्ध असलेल्या उपचारांत ती सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक आहे. परंतु नीचांक दुसऱ्या वर्षाच्या आसपास येतो आणि वजन परत चढू लागते ते त्यानंतर, या क्रमाकडे डोळेझाक करून चालणार नाही.

वजन परत का चढते, याचे सोपे उत्तर 'संयम सुटला' असे दिले जाते. मला ते पटत नाही, कारण ते यंत्रणेकडे पाहत नाही.

बेंगळुरूतील शंकरपुरमचे ब्राह्मिन्स कॉफी बार घ्या. १९६५ पासून तिथे मोजकेच पदार्थ मिळतात : इडली, वडा, खाराबात, केसरीबात आणि कॉफी, सांबार नाही, चटणी मात्र हवी तेवढी. लोक फुटपाथवर उभे राहून हातातली ताटली पाच-सात मिनिटांत रिकामी करतात आणि कॉफीचा पेला उचलतात. आता हीच ताटली स्लीव्ह झालेल्या माणसाच्या हातात आहे असे समजा. तिसऱ्या महिन्यात त्याला अर्ध्या इडलीनंतर छातीत घट्टपणा जाणवतो आणि तो थांबतो. अठराव्या महिन्यात तो दोन इडल्या, एक वडा आणि केसरीबात संपवू शकतो. केसरीबात म्हणजे आपला शिरा : भिजून फुललेला रवा, साखर, तूप. तो चावावा लागत नाही, तोंडातच विरतो, अरुंद जठरातून सहज घसरतो आणि तृप्तीची खूण उमटण्याआधीच आतड्यात पोचतो. या सगळ्यात प्रथिने मिळतात जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास. अशा रुग्णाला दिवसाकाठी किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि पोटात जागा मात्र मर्यादित असते. स्टार्च आणि साखरेने ती जागा अडवली की प्रथिनांची वेळ येतच नाही. मग स्नायू झिजतात, विश्रांतीतील ऊर्जावापर घटतो, आणि तेवढेच खाऊनही वजन वाढते.

शस्त्रक्रियेनंतर कोणता पदार्थ टिकेल आणि कोणता सुटेल, हे आवडीपेक्षा सोपेपणावर ठरते, आणि माझ्या मते सगळ्या अडचणीचे मूळ इथे आहे. ज्वारीची भाकरी, चिकनचा तुकडा, मोड आलेली मटकी, कोरडी पोळी, मोकळा भात हे पदार्थ नीट न चावता गिळले तर अडकतात, दुखते, कधी उलटून पडते. एकदोनदा असे झाले की माणूस ते टाळतो. मऊ, गोड, तुपकट पदार्थ सहसा अडकत नाहीत, म्हणून ते ताटात राहतात. म्हैसूरपाक, होळिगे (म्हणजे आपली पुरणपोळी), दहीभात, आइस्क्रीम, साखरेची कॉफी हे सारे त्याच उतरणीवरचे आहेत. रुग्ण कुठलाही मोह जाणीवपूर्वक न निवडता, केवळ दुखणे टाळत टाळत, पोषणाने सर्वांत दरिद्री आणि उष्मांकांनी सर्वांत श्रीमंत अशा आहारापाशी येऊन पोचतो. याला संयमाचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे. दुखणाऱ्या अन्नाकडून न दुखणाऱ्या अन्नाकडे जाणे हे कोणत्याही शरीराचे स्वाभाविक वर्तन आहे. ते उलट दिशेने वळवायला शिक्षण लागते, आणि ते शिक्षण पहिल्या तीन महिन्यांच्या आहारपत्रकात मावत नाही.

वेगाचा मुद्दा याला जोडूनच येतो. घास बारीक चावणे, जेवण वीस-तीस मिनिटे चालवणे, जेवताना पाणी न पिणे हे नियम कर्मकांडासारखे सांगितले जातात, म्हणून ते पाळलेही कर्मकांडासारखे जातात आणि सुटतातही तसेच. त्यांचे कारण यांत्रिक आहे. द्रवाबरोबर घन अन्न लवकर पुढे सरकते आणि भरल्याची संवेदना टिकत नाही. १९८० च्या दशकापासून बेंगळुरूत फैलावलेली 'दर्शिनी' उपाहारगृहे मात्र उभ्याने आणि झटपट खाण्यासाठीच रचलेली आहेत. मंड्या-म्हैसूर पट्ट्यातून आलेल्या घरांत तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, परंपरेने सारात बुडवून न चावता गिळला जातो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे धान्य म्हणून ती या रुग्णांना उपकारकच ठरावी. पण अरुंद केलेल्या जठरात तिचा न चावलेला गोळा अडकू शकतो. तीच नाचणी आंबिलीच्या किंवा पातळ भाकरीच्या रूपात चालते. धान्य तेच, धोका खाण्याच्या रीतीत. आणि हा बारकावा परगावच्या आहारपत्रकात सापडत नाही.

शस्त्रक्रिया एका बैठकीत किती मावेल हे ठरवते. दिवसात किती बैठका होतील, हे ती ठरवू शकत नाही. बेंगळुरूत 'बाय-टू' सांगून एक कॉफी किंवा एक डोसा दोघांत वाटून घेण्याची जुनी पद्धत आहे. गांधी बाजारात १९४३ पासून चालत आलेल्या विद्यार्थी भवनातला मसाला डोसा असा वाटून घेतला, तर तो या रुग्णासाठी अत्यंत शहाणा तोडगा आहे. अट एवढीच की दुसरा अर्धा दुसऱ्यानेच खाल्ला पाहिजे आणि तासाभराने नवा अर्धा येता कामा नये. दिवसभर थोडे थोडे, भुकेशी संबंध नसलेले चरत राहणे हा वजन परत येण्याचा सर्वांत नेमाने आढळणारा मार्ग आहे, कारण लहान जठर प्रत्येक वेळी रिकामे होऊन पुन्हा सज्ज असते. स्विगीसारखी कंपनी २०१४ मध्ये याच शहरात सुरू झाली. काही मिनिटांत दारात येणारी छोटी मागणी आता इथल्या दिनक्रमाचा भाग आहे. अरुंद जठर आणि अखंड उपलब्धता यांचा हा सामना विषम आहे.

यावर अनेक जण एक समाधान मानतात : गोड जास्त झाले तर 'डम्पिंग' होईल आणि शरीरच शिक्षा करील. ही समजूत दोन बाजूंनी चुकीची आहे. लवकरचे डम्पिंग, म्हणजे खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, हे बायपासनंतर अधिक दिसते. स्लीव्हनंतर ते अनेकांना होतच नाही, आणि ज्यांना होते त्यांच्यातही काळानुसार बोथटत जाऊ शकते. म्हणजे पहारेकरी सर्वांच्या दारात नाही. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. साखर जलद आतड्यात उतरली की जीएलपी-१ उसळतो, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते, साखर संपते तरी इन्सुलिन उरते, आणि एक ते तीन तासांनी रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. हा प्रकार बहुधा शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर डोके वर काढतो, जेव्हा रुग्ण स्वतःला पूर्ण बरा समजत असतो. सकाळी नऊला केसरीबात आणि गोड कॉफी घेऊन निघालेला माणूस अकराच्या सुमारास बेंगळुरूतील सिल्क बोर्डच्या वाहतूककोंडीत दुचाकीवर असतो. त्याला कापरे भरते, दृष्टी अंधुक होते, आणि दोन तासांपूर्वीच्या शिऱ्याशी याचा संबंध त्याच्या मनातही येत नाही. तो 'बीपी लो झाला' म्हणतो, सरबत पितो. शर्करा खरोखर खाली गेली असेल तर त्या क्षणी ग्लुकोज घेणे योग्यच आहे. पण त्यामागोमाग प्रथिनयुक्त काही न खाल्ल्यास तेच चक्र पुन्हा सुरू होते. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या मात्रा न बदलता चालू असतील, तर प्रकरण जिवावर बेतू शकते.

आवडीच्या पदार्थांचा विचार नेहमी अतिरेकाच्या अंगाने होतो. अभावाचे अंग त्याहून धोक्याचे आहे, आणि त्याचा पहिला टप्पा फार लवकर येतो. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढेच साठते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रुग्णाला वारंवार उलट्या होऊ लागल्या, की घरचे मायेने पेज देतात. कानडी घरात तिला गंजी म्हणतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात थायमिन अत्यल्प असते (उकड्या तांदळात ते बऱ्यापैकी टिकते), हे क्रिस्तियान आयक्मान यांच्या १८९० च्या दशकातील जावामधील कोंबड्यांवरच्या निरीक्षणांपासून जगाला ठाऊक होत गेले आणि त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले. कर्बोदके जाळण्यासाठी थायमिन लागते. म्हणजे पेज उरलासुरला साठा भरून काढत नाही, खर्च मात्र करते. पुढे अशक्तपणा वाढला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाइन लावले जाते, आणि थायमिन न देता लावलेले ते सलाइन मेंदूला शेवटचा धक्का देऊ शकते : डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, चाल अडखळते, गोंधळ होतो. वेळेत थायमिन टोचले तर हे थांबवता येते. उशीर झाला तर स्मृतीची हानी कायमची राहू शकते. यात कोणीच निष्काळजीपणा केलेला नसतो. घराने दिली ती पेज, डॉक्टराने दिले ते सलाइन, दोन्ही एरवी बिनधोक. शस्त्रक्रियेची माहिती त्या क्षणी त्या खोलीत नसते, एवढाच फरक.

ब-१२ चा प्रश्न याच्या उलट, संथ आहे. ते शोषण्यासाठी लागणारा घटक जठराच्या ज्या भागात तयार होतो, तोच भाग स्लीव्हमध्ये मोठ्या प्रमाणात काढला जातो आणि बायपासमध्ये वळसा घालून टाळला जातो. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून पहिल्या वर्षाचा अहवाल चांगला येतो आणि फसवतो. शाकाहारी घरांत मुळात हा साठाच तुटपुंजा असतो. लोहाचे तसेच : ते मुख्यतः आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते आणि त्यासाठी जठराम्ल लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आपल्याकडील अनेक रुग्ण स्त्रिया शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात त्याच तुटीसह. त्यात सकाळची लोहाची गोळी फिल्टर कॉफीबरोबर घेतली, तर कॉफीतील पॉलिफिनॉल लोहाला बांधून ठेवतात; कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली, तर तीही आड येते. कॉफी सोडा असे मी म्हणत नाही. ती आणि गोळी यांच्यात दोन तासांचे अंतर असावे, इतकेच.

मद्याबद्दल या शहरात स्पष्ट बोलणे टाळले जाते, म्हणून इथे थोडक्यात. बायपासनंतर मद्य जठरात थांबत नाही. ते रक्तात लवकर आणि जास्त उंचीवर पोचते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत १,९४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के, पहिल्या वर्षानंतर जवळजवळ तेवढेच, आणि दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के आढळले. इथेही वळण दुसऱ्या वर्षाचेच आहे. निम्हान्ससारखी व्यसनोपचाराची नामवंत संस्था याच शहरात आहे, परंतु शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात तिच्या अनुभवाचा विषय क्वचितच निघतो.

मग आवडीचे पदार्थ वर्ज्य करावेत काय? तसे केल्याने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. गणपतीत मोदक, उगादीला होळिगे, घरच्या मुंजीत जिलेबी, आणि 'एवढासा घे गं, काही होत नाही' म्हणणारी मावशी या व्यवस्थेत पूर्ण बंदी काही महिने टिकते आणि मग एकदम कोसळते. टिकते ती क्रमाची शिस्त. आधी अंडे, पनीर, घट्ट वरण किंवा दही, मग भाजी, आणि जागा उरली तर भात, डोसा, अर्धा मोदक. गोड रिकाम्या पोटी घ्यायचे नाही, जेवणाच्या शेवटी घ्यायचे, म्हणजे ते इतर अन्नाबरोबर सावकाश उतरते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी या रुग्णांसाठी जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्या दिवशी दूध, दही आणि पनीर यांवर भर द्यावा लागेल. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला हा क्रम आणि त्यामागचे कारण ठाऊक नसेल, तर रुग्णाच्या निश्चयाला फारसा अर्थ उरत नाही. आणि समुपदेशनाच्या खोलीत ती व्यक्ती बहुधा नसते.

या सगळ्याला वैद्यकीय उत्तरे आहेत. नाही ती व्यवस्था. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले, त्यानंतर विशिष्ट निकषांत बसणाऱ्या रुग्णाची, म्हणजे बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर सहव्याधी, शस्त्रक्रिया विम्यातून होऊ शकते. ही चांगली गोष्ट आहे. पण विमा शस्त्रक्रियेला एक घटना मानतो. तिसऱ्या वर्षीची ब-१२ ची तपासणी, आहारतज्ज्ञाची फी, रोजच्या गोळ्या यांचा खर्च बहुतेक वेळा रुग्णाच्या खिशातून जातो, आणि ज्या खर्चाचा लाभ दिसत नाही तो आधी थांबतो. बेंगळुरूत याला स्थलांतराची जोड आहे. माहिती-तंत्रज्ञानातील तरुण नोकरी बदलतो तसा त्याचा गटविमा बदलतो. उत्तर कर्नाटकातून किंवा सीमाभागातून शस्त्रक्रियेसाठी आलेला रुग्ण आठवड्याभरात गावी परततो आणि पुढची सारी वर्षे अशा डॉक्टरांच्या हाती असतो, ज्यांनी ती शस्त्रक्रिया पाहिलेली नाही. पाच वर्षांचा पाठपुरावा शस्त्रक्रियेच्या मूळ शुल्कातच धरावा, ही मागणी मोठ्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग आपल्या विमा करारांत आजही करू शकतात. तोवर निदान सुटीच्या वेळी रुग्णाला त्याच्या भाषेत, कानडीत, मराठीत, एक पानाचे पत्र मिळावे : कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या, दरवर्षी कोणत्या तपासण्या, आणि उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन. बेळगावच्या किंवा निपाणीच्या दवाखान्यात रात्री सलाइन जोडणाऱ्या डॉक्टरला ते वाचायला एक मिनिटही लागणार नाही.